खोटें चित्र कोणतें ?

आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं फिलिपाईन्समधील आधुनिक चित्रकलेवरील एक जाडजूड सचित्र ग्रंथ आम्हांस वाचावयास दिला आणि ग्रंथाबरोबर आपलें मतहि देऊन टाकलें. "चाळा एकदां, पण फार वेळ दवडूं नका," ते म्हणाले. "पॅरिसचा शिळा माल आहे. वटारलेले डोळे, पिळवटलेले देह, माणसाच्या धडावर जनावराचें तोंड ! ज्या देशांत गरिबाला दोन वेळ पोटभर मिळण्याची मारामार, त्या देशाच्या चित्रकारांनीं असलीं स्वप्नें रंगवीत बसावें ? दुःख सांगायचें आहे ना ? मग सरळ सांगा कीं !"

हें मत एकट्या आमच्या स्नेह्यांचें असतें तर चहाच्या पेल्याबरोबर तें संपलें असतें. परंतु ज्यास अतिवास्तववाद म्हणतात त्या चित्रपद्धतीविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून हेंच ऐकूं येतें, आणि गंमत अशी कीं, दोन परस्परविरुद्ध पक्ष तें एकाच सुरांत बोलत असतात. दिवाणखान्यांत प्रसन्न चित्र असावें असें मानणाऱ्यांना हीं चित्रें ओंगळ वाटतात. आणि कलेनें समाजाची सेवा केली पाहिजे असें मानणाऱ्यांना तीं पळपुटीं वाटतात. आपल्याकडे फडके आणि खांडेकर ह्यांच्या नांवानें 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद रंगला, तेव्हांपासून आम्हांस असें वाटत आलें आहे कीं, दोन्ही बाजूंचे अनुयायी एक गोष्ट न बोलतां गृहीत धरून चालले होते. ती म्हणजे, जें डोळ्यांना दिसतें तेवढेंच जीवन आणि बाकीचा सारा कल्पनेचा खेळ. ह्या गृहीतकृत्याशींच आमचें भांडण आहे.

भांडण मांडण्यापूर्वीं एक कबुली दिली पाहिजे. वर्गांत युरोपीय वाङ्मयाचा इतिहास शिकवितांना आम्हीं स्वतः वर्षानुवर्षें असेंच सांगत आलों कीं, १९२४ सालीं आंद्रे ब्रेतों ह्यानें ज्याचा जाहीरनामा काढला तो अतिवास्तववाद म्हणजे पहिल्या महायुद्धानें हादरलेल्या युरोपचें एक मानसिक दुखणें होय. विद्यार्थी तें लिहून घेत आणि परीक्षेंत परत लिहून देत. कोणीं कधीं विचारलें नाहीं, आणि आम्हांसहि कधीं सुचलें नाहीं, कीं हीच पद्धति वसाहतींत जन्मलेल्या, हुकूमशाहींत वाढलेल्या एखाद्या चित्रकाराच्या हातीं गेली तर तिचें काय होईल. ह्या ग्रंथानें तो प्रश्न आमच्यापुढें टाकला. म्हणून स्नेह्यांचे आभार मानूनच त्यांच्याशीं वाद घालतों.

शब्दाविषयीं प्रथम खुलासा करतों. मनिलामध्यें ब्रेतोंच्या संप्रदायाची शाखा निघाली होती असें नव्हे. ज्या चित्रकारांविषयीं आम्ही लिहिणार आहों त्यांपैकीं पुष्कळजण स्वतःस सामाजिक वास्तववादी म्हणवितात, आणि कांहींजण तर कोणताच वाद मानीत नाहींत. जगांत एकत्र न येणाऱ्या वस्तु एकत्र आणून त्या संयोगांतूनच एखादें सत्य उघडें करणें, एवढ्याच अर्थानें आम्ही 'अतिवास्तव' हा शब्द वापरतों.

आतां 'पॅरिसच्या शिळ्या माला'कडे वळूं. स्पेननें फिलिपाईन्समध्यें १५६५ सालीं वसाहत केली आणि ती १८९८ पर्यंत टिकविली. ह्या तीनशेंहून अधिक वर्षांत तेथील गांवोगांव देवळें उभीं राहिलीं. त्यांत हस्तिदंती मुखाचे, खऱ्या केसांचे, जखमांतून रक्त गळणारे संत बसले. गुड फ्रायडेच्या दिवशीं पांपांगा प्रांतांत तोंडावर फडकें बांधलेले पुरुष भर रस्त्यांत आपल्या उघड्या पाठीवर रक्त येईपर्यंत आसूड ओढतात. सान पेद्रो कुतुद ह्या गांवीं तर १९६२ पासून नवस बोललेलीं माणसें प्रत्यक्ष क्रुसावर हातांत खिळे ठोकून घेत आलीं आहेत. चर्चच्या ह्या जगाखालीं त्याहून जुनें असें एक जग आहे, आणि त्यांत रात्रीं कमरेपासून अर्धें शरीर तोडून उडणारी राक्षसी आहे, रक्त शोषणारा 'अस्वांग' आहे. जो देश हें सारें आजीच्या मांडीवर ऐकतो आणि वर्षांतून एकदां रस्त्यावर पाहतो, त्याला स्वप्न उसनें आणण्यासाठीं पॅरिसपर्यंत जाण्याचें कारण काय ?

आणि माणसाच्या धडावर जनावराचें तोंड म्हणाल, तर आमचे स्नेही दर भाद्रपदांत तशीच एक मूर्ति मोठ्या भक्तीनें पाटावरून घरीं आणतात. तिच्यापुढें आरती म्हणतांना ही रचना वास्तवाला धरून आहे कीं नाहीं, असा प्रश्न त्यांनीं केल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं.

गालो ओकाम्पो ह्या चित्रकाराचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. त्यानें १९३८ सालीं सावळ्या वर्णाची, फिलिपिनो वेषांतली मेरी रंगविली. माता तीच, बालक तेंच, परंतु गोऱ्या वसाहतीची मेरी एकदम बांबूच्या घरांत आली. त्यानंतर युद्ध आलें. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें जपानी सैन्य व अमेरिकन तोफखाना ह्यांच्या कात्रींत मनिला शहर सांपडलें आणि सुमारें एक लाख नागरिक मेले. पुढील दशकांत हाच ओकाम्पो आसूड ओढून घेणाऱ्या, चेहरा झांकलेल्या त्या भक्तांचीं चित्रें काढूं लागला. पूर्वीं वर्षाच्या एका दिवसापुरतें असलेलें हें दृश्य आतां सगळ्या देशाचें रूप होऊन बसलें. चेहरा नसलेला माणूस स्वतःच्याच पाठीवर घाव घालतो आहे; हे घाव कोणाच्या पापाचे, हें चित्रांत सांगितलेलें नाहीं. ज्यानें शहर जळतांना पाहिलें आहे त्याच्यापाशीं ह्याचें उत्तर नसणेंच स्वाभाविक होय.

ह्या भुताखेतांना पळवाट म्हणणाऱ्यांसाठीं आणखी एक हकीकत आहे. १९५० च्या सुमारास मध्य लुझोनमध्यें शेतकऱ्यांचें 'हुक' नांवाचें बंड चालू असतां अमेरिकन अधिकारी एडवर्ड लॅन्स्डेल हे सरकारला मानसिक युद्धाचा सल्ला देत होते. त्यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत एक युक्ति नमूद केली आहे. प्रथम त्या भागांत अस्वांग फिरतो अशी आवई उठविण्यांत आली. मग रात्रीं बंडवाल्यांच्या तुकडीतला शेवटचा माणूस गुपचूप पकडून त्याच्या मानेवर दोन भोकें पाडलीं, पाय वर टांगून रक्त गाळलें आणि प्रेत पुन्हां वाटेवर आणून टाकलें. सकाळीं बंडवाले तो डोंगर सोडून निघून गेले. म्हणजे भुतावर विश्वास ठेवणारा खेडवळ एकटाच नव्हता, भूत तयार करणारें एक खातेंहि होतें ! एवढें झाल्यावर तेथील चित्रकारानें अस्वांग रंगविला, तर तो वास्तवापासून पळाला असें म्हणावें, कीं वास्तवाच्या कचेरींतच शिरला असें म्हणावें ?

ह्याच्या उलट बाजूस, ज्याला सरळ, डोळ्यांना दिसणारें, प्रसन्न चित्र म्हणतात तें फिलिपाईन्समध्यें कोणाच्या उपयोगी पडलें हेंहि पाहिलें पाहिजे. फर्नांदो अमोर्सोलो (१८९२–१९७२) हा त्या पद्धतीचा शिरोमणि. भाताचीं पिवळीं शेतें, डोक्यावर पाटी घेतलेल्या हंसतमुख तरुणी, आणि सगळ्यांवर ओतलेलें तें सोनेरी ऊन ! ऊन रंगविण्यांत त्याचा हात धरणारा आम्हांस माहीत नाहीं, आणि त्याच्यावर तोंडसुख घेण्याचीहि आमची इच्छा नाहीं. युद्धकाळांत त्यानें जळणारी मनिला रंगविली, आणि स्त्रीच्या अब्रूसाठीं कोयता उपसून उभा राहिलेला पुरुषहि रंगविला. परंतु जें लोकांच्या भिंतींवर चढलें तें ऊनच. त्या उन्हांत शेत कोणाच्या मालकीचें, खंड किती, कर्ज किती, हें दिसत नाहीं. पुढें त्याच्या अनुयायांनीं उन्हाचा कारखाना काढला, आणि एका राजवटीनें तो सबंध कारखानाच जणुं आपल्या खात्यांत जमा करून घेतला.

ती राजवट फर्डिनंड मार्कोस ह्यांची. १९६५ सालीं ते निवडून आले. १९७२ च्या सप्टेंबरांत त्यांनीं लष्करी कायदा पुकारला, वृत्तपत्रें बंद केलीं, विरोधक तुरुंगांत घातले आणि ह्या सगळ्याला 'नवा समाज' असें नांव दिलें. त्यांच्या पत्नी इमेल्दा ह्यांनीं सत्य, शिव आणि सुंदर ह्या त्रयीचा झेंडा हातीं घेतला. आपल्या वाचकांना ही त्रयी ओळखीची आहे. ती किती वाईट संगतींत सांपडूं शकते हें येथें पाहावें. १९७४ सालीं मनिलांत विश्वसुंदरीची स्पर्धा भरली, १९७६ सालीं आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक ह्यांची बैठक भरली. पाहुण्यांच्या वाटेवरच्या झोपड्या हटविण्यांत आल्या; ज्या हटल्या नाहींत त्यांच्यापुढें कुंपणें उभारून तीं रंगविण्यांत आलीं. राजवाड्यासाठीं इव्हान कोसायो नांवाच्या चित्रकारानें मार्कोस पतिपत्नींना 'मलाकास' आणि 'मागांदा' ह्या रूपांत रंगविलें. फिलिपिनो पुराणकथेंत बांबू दुभंगून बाहेर आलेले हे आद्य पुरुष आणि आद्य स्त्री. त्यांच्या नांवांचे अर्थच 'बलवान्' आणि 'सुंदर' असे आहेत. तरुण, सतेज, अर्धवस्त्र असे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी वनांतून प्रकट होत आहेत ! बेंगेत प्रांतांतल्या तुबा येथें डोंगराच्या कडेला राष्ट्राध्यक्षांचें सुमारें ३० मीटर उंचीचें काँक्रीटचें मस्तक उभारण्यांत आलें.

आणि चित्रपटमंदिर. समुद्रांत भर घालून मिळविलेल्या जमिनीवर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठीं ग्रीक धर्तीचें तें मंदिर रात्रंदिवस काम करून उभें केलें जात होतें. १७ नोव्हेंबर १९८१ च्या पहाटे वरची परांची कोसळली आणि कामगार ओल्या सिमेंटांत गाडले गेले. किती मेले ह्याचा आंकडा आजतागायत निर्विवाद ठरलेला नाहीं. काम थांबलें नाहीं, आणि १९८२ च्या जानेवारींत महोत्सव थाटानें सुरू झाला. एखाद्या चित्रकारानें रेशमी पोषाखांतले पाहुणे सिमेंटांतून वर आलेल्या हातांवर पाय देत जिना चढतांना दाखविले असते, तर आमच्या स्नेह्यांनीं तें पान 'विकृत कल्पना' म्हणून उलटलें असतें. त्यांत कल्पनेचा भाग किती उरतो ?

मुद्दा असा कीं, त्या काळीं दिसणारी मनिला हीच सरकारनें काढलेलें एक चित्र होती. कुंपणावरचा रंग डोळ्यांना दिसत होता, म्हणून तो वास्तव. कुंपणामागची झोपडी दिसत नव्हती, म्हणून ती काय स्वप्न? अशा शहरांत 'दिसेल तें रंगवा' असा उपदेश करणें म्हणजे चित्रकाराला कुंपण रंगविणाऱ्यांच्या टोळींत भरती करणें होय.

येथें कोणी म्हणेल कीं, लष्करी कायद्याच्या काळांत कामगारांचीं आणि शेतकऱ्यांचीं सरळ वास्तववादी चित्रें काढणारेहि होतेच. होते, आणि त्यांना आम्ही नमस्कार करतों. १९७६ सालीं त्यांच्यापैकीं कांहींनीं 'काइसाहान', म्हणजे ऐक्य, ह्या नांवाची मंडळी स्थापन केली आणि आपली कला जनतेची असेल असें जाहीर केलें. परंतु ह्याच मंडळींतल्या आंतिपास देलोतावो ह्यानें १९७८ सालीं काढलेलें जें जलरंगचित्र आज त्या साऱ्या चळवळीची खूण होऊन बसलें आहे, त्याच्याकडे आम्ही स्नेह्यांचें लक्ष वेधूं इच्छितों.

चित्राचें नांव 'मंग हुआनच्या काळजांतला कोयता'. 'मंग' हें वडीलधाऱ्या पुरुषाला लावावयाचें आदरार्थी पद, आपल्याकडील 'तात्या' किंवा 'मामा' ह्यांसारखें. हुआन हें कोणाचेंहि असूं शकेल असें नांव. एक वयस्क, हाडें वर आलेला, थकलेला कामगार मान खालीं घालून चालला आहे. त्याच्या मागें कोका-कोलाची प्रचंड लाल जाहिरात आहे. तिच्यांतल्या वळणदार पांढऱ्या अक्षराची ती सर्वांच्या परिचयाची लांबलचक शेपटी पुढें येते आणि तिचें टोंक बरोबर ह्या माणसाच्या छातीला भिडतें. बस्स, एवढेंच. रक्त नाहीं, आक्रोश नाहीं, मूठ वळलेली नाहीं. माणूस, त्याचे कपडे, ती जाहिरात, सर्व कांहीं हुबेहूब आहे. तो माणूस त्या क्षणीं त्या जागेवरून जात आहे एवढाच काय तो योगायोग, आणि त्या योगायोगांत अक्षराचा कोयता झाला आहे.

हें चित्र आम्हीं प्रथम पाहिलें तेव्हां पान उलटून पुढें गेलों, आणि दोनतीन पानांनंतर परत आलों. पुढें आठवडाभर आमच्या गल्लीच्या तोंडाशीं असलेली जाहिरात पाहतांना तिच्याखालीं बसणाऱ्या भाजीवाल्या बाईच्या डोक्यावर कोणतें अक्षर आहे, हें आम्ही नकळत पाहत होतों. चांगल्या चित्राचा परिणाम असा घराच्या दारापर्यंत येतो. आतां विचार करा : हाच थकलेला कामगार नुसता रंगविला असता तर काय झालें असतें ? आम्हांस दया आली असती. आणि दया ही फार सोयीची भावना आहे, ती आली कीं आपण चांगलीं माणसें ठरतों व पान उलटतों. परकी भांडवलाविषयीं लांबलचक फलक काढला असता, तर आम्हीं त्याच्याशीं वाद घातला असता. परंतु अक्षराचा कोयता झाल्यावर वाद कोणाशीं घालणार ? वास्तववादी म्हणविणाऱ्या ह्या चित्रकाराला वर्मीं घाव घालावयाचा झाला तेव्हां वास्तववाद एक पाऊल सोडावा लागला. आमच्या स्नेह्यांचा 'सरळ सांगा' हा उपदेश त्यानें मानला असता, तर आज हें चित्र कोणाच्या लक्षांत राहिलें असतें ?

सरळ न सांगण्याची ही रीति फिलिपाईन्समध्यें जुनी आहे. हुआन लुनाच्या 'स्पोलिआरिउम' ह्या भव्य चित्राला १८८४ सालीं माद्रिदच्या प्रदर्शनांत सुवर्णपदक मिळालें. विषय प्राचीन रोमचा : आखाड्यांत मेलेल्या मल्लांचीं प्रेतें फरफटत नेऊन त्यांच्या अंगावरचें काढून घेण्याची ती तळघरांतली जागा. त्याच वर्षीं झालेल्या सत्कारप्रसंगीं तरुण होसे रिझालनें त्या रोमन चित्रांत आपल्या देशाची दशा वाचून दाखविली. आणि ह्याच रिझालला १८९६ च्या डिसेंबरांत स्पॅनिश सरकारनें गोळ्या घालून मारलें. आपल्या साहित्यशास्त्रांत ह्या बोलण्याला अन्योक्ति म्हणतात. एकनाथांनीं विंचू, भूत, जोशी, आंधळा, मुका ह्यांच्या तोंडून समाजाला जें ऐकविलें, तें सरळ प्रवचनांत कितीजणांनीं ऐकून घेतलें असतें ?

'पण सामान्य माणसाला हें कळतें का ?' हा स्नेह्यांचा शेवटचा आणि, आमच्या मतें, सर्वांत भारी आक्षेप. त्याचें उत्तर आम्ही भारुडाकडेच बोट दाखवून देतों. खांबांतून नरसिंह निघतो तेव्हां दशावतारी खेळाचा प्रेक्षक 'हें कसें शक्य आहे' असें विचारीत नाहीं. तो हिरण्यकशिपूचें काय होतें तें पाहतो. अद्भुत त्याला घरचें आहे. अद्भुताशीं बिनसलें आहे तें आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींचें. ब्रेंडा फाहार्दो (१९४०–२०२४) ह्या बाईंनीं आपल्या देशाचा इतिहास आणि परदेशीं मोलमजुरीला जाणाऱ्या बायांची कहाणी भविष्य सांगण्याच्या पत्त्यांच्या रूपांत मांडली. हे पत्ते कोणास समजावून सांगावे लागतात ? पुढें काय वाढून ठेवलें आहे हें ज्या बाईला ठाऊक नाहीं, आणि जिनें तरीहि पोरें मागें ठेवून विमानांत पाऊल टाकलें आहे, तिला तरी खास नाहींत.

कुरूपतेचा आक्षेप आम्ही लवकर आटोपतों. आंग किउकोक (१९३१–२००५) ह्याचे किंचाळणारे चेहरे, पिसाळलेले कुत्रे आणि सांगाड्यासारखे क्रुसावरचे ख्रिस्त कोणी भोजनगृहांत लावूं नयेत, हें आम्हांस मान्य आहे. तथापि ज्यांना ते परके वाटतात त्यांनीं गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा ह्यांचें १९५९ चें 'क्रूसारोहण' पाहावें. गोवा आणि फिलिपाईन्स ह्या दोन्ही भूमींवर क्रूस आणि तलवार एकाच जहाजांतून उतरलीं. दोन्हींकडच्या पुत्रांनीं त्या क्रुसावरचा देव काढावयास घेतला, तेव्हां तो गोंडस निघाला नाहीं, ह्यांत नवल कसलें? नेग्रोस बेटावरचा नुनेलुसिओ आल्वारादो उसाच्या मळ्यांतले मजूर काढतो. रंग जत्रेंतल्यासारखे भडक, रेषा जाड, आणि डोळे एवढे मोठे कीं चेहरा त्यांच्यांत मावत नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत जगांत साखरेचे भाव कोसळले आणि त्या बेटावर मजुरांचीं मुलें उपाशीं राहिलीं. २० सप्टेंबर १९८५ रोजीं एस्कालांते गांवीं निदर्शनें करणाऱ्यांवर गोळीबार होऊन वीस माणसें मेलीं. भुकेल्या मुलाचे डोळे मोठे दिसतात. ह्यांत अतिशयोक्ति कोठें आहे तें आम्हांस कळत नाहीं.

मात्र एका बाबतींत आम्ही स्नेह्यांच्या बाजूनें बोलणार आहों. ह्या पद्धतीचा आतां बाजारहि झाला आहे. रोनाल्ड वेंतुरा ह्याचें 'ग्रेग्राउंड' हें चित्र २०११ सालीं हाँगकाँगच्या लिलावांत अकरा लाख डॉलरांच्या घरांत गेलें. त्या चित्रकाराचें कसब वादातीत आहे आणि पैसा मिळविणें हा कांहीं गुन्हा नव्हे. पण असा भाव फुटला कीं मागून जे येतात ते कवटी, विषारी वायूचा मुखवटा आणि पंख फुटलेलें पोर एकाच कापडावर शिंपडतात, आणि त्याखालीं 'सामाजिक भाष्य' अशी चिठ्ठी डकवितात. ह्यांना ओळखावें कसें ? आमची कसोटी साधी आहे. चित्रामागचें वास्तव काढून घ्यावें आणि चित्राचें काय होतें तें पाहावें. जाहिरातीचें अक्षर काढलें कीं देलोतावोचें चित्र मरतें. आसूड ओढून घेणारे भक्त नसते तर ओकाम्पोचें चित्र जन्मलेंच नसतें. उलट ह्या मुखवट्यांच्या चित्रांतून मनिला काढून टोकियो घातलें तरी कांहीं बिघडत नाहीं, किंमतहि उतरत नाहीं. असल्या चित्रांना स्नेह्यांनीं खुशाल शिळा माल म्हणावें. आम्ही त्यांच्या सुरांत सूर मिळवूं.

ग्रंथाच्या अखेरच्या भागाशीं येतांना आम्हांस एक गोष्ट फार खटकली, आणि ती चित्रकारांची नव्हे. १९८६ च्या फेब्रुवारींत मनिलाच्या रस्त्यांवर उतरलेल्या लोकांनीं मार्कोस ह्यांना देशाबाहेर घालविलें. १९८९ सालीं ते होनोलुलूस वारले. १९९३ सालीं त्यांचें शव परत आणलें गेलें आणि बाताक ह्या त्यांच्या गांवीं थंड कांचेच्या पेटींत तें तेवीस वर्षें लोकांच्या दर्शनासाठीं ठेवलेलें होतें. डोंगरावरचें तें काँक्रीटचें मस्तक २००२ च्या डिसेंबरांत सुरुंगानें उडविण्यांत आलें. २०१३ च्या कायद्यानें नेमलेल्या मंडळानें त्या राजवटींत छळ सोसलेल्या ११,१०३ व्यक्तींचे दावे खरे ठरविले. १८ नोव्हेंबर २०१६ रोजीं तेंच शव वीरांच्या स्मशानांत लष्करी इतमामानें पुरलें गेलें. आणि २०२२ सालीं त्यांचे चिरंजीव मोठ्या बहुमतानें राष्ट्राध्यक्ष निवडून आले. ती राजवट म्हणजे देशाचें सुवर्णयुग होतें, अशीं चित्रें निवडणुकीपूर्वीं घरोघर लोकांच्या हातांतल्या पडद्यांवर फिरत होतीं. तीं स्वच्छ होतीं, प्रसन्न होतीं, आणि त्यांत ऊन सोनेरी होतें.

आमच्या स्नेह्यांनीं काल ग्रंथ परत मागितला. आम्हीं सांगून पाठविलें आहे कीं, आणखी आठ दिवस तो आमच्याकडे राहील. आणि मधल्या काळांत त्यांनीं एखादे दिवशीं संध्याकाळीं घरीं यावें, कारण त्या मंग हुआनच्या पानावर त्यांना बसवून ठेवण्याचा आमचा विचार आहे.